सिनेटची जागा रिकामी झाली की गव्हर्नरचा अधिकार कसा तपासायचा

अमेरिकेत एखादा सिनेटर (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, म्हणजे सिनेटचा सदस्य) वारला किंवा राजीनामा देऊन मोकळा झाला की तासाभरात बातमी येते: 'आता गव्हर्नर नवा सिनेटर नेमणार.' बहुतेक राज्यांत हे खरे असते. काही राज्यांत साफ चुकीचे असते. आणि जिथे खरे असते तिथेही कोणाला नेमता येईल, किती काळासाठी, कोणत्या अटीवर, हे राज्यागणिक बदलते. बातमी लिहिणारा असो, तिथला मतदार असो किंवा नुसता जिज्ञासू, त्याने कोणता कागद आधी काढायचा आणि कुठे फसगत होते, ते इथे क्रमाने देत आहोत.

एक शब्द आधीच बाजूला काढू. मराठी बातम्यांत गव्हर्नरला सर्रास 'राज्यपाल' म्हणतात. आपल्या राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेतला गव्हर्नर मतदारांनी निवडलेला, उघडपणे पक्षाचा असलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. हा फरक विसरला तर या विषयातले सगळे राजकारणच हातातून निसटते. म्हणून इथे गव्हर्नरच म्हटले आहे.

अधिकार मुळात कोणाचा

सुरुवात गव्हर्नरपासून करू नका, १७व्या घटनादुरुस्तीपासून करा. ती १९१३ ची. त्याआधी सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत आणि विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना जागा रिकामी झाली तर पुढच्या अधिवेशनापर्यंत गव्हर्नर कोणाला तरी बसवत असे. १९१३ नंतर सिनेटर थेट मतदार निवडू लागले आणि रिक्त जागेचा नियमही बदलला.

दुरुस्तीचा दुसरा परिच्छेद एवढासाच आहे, पण त्यातली दोन क्रियापदे वेगवेगळी वाचायची. पहिला भाग म्हणतो की जागा रिकामी झाली की राज्याचा कार्यकारी प्रमुख ती भरण्यासाठी निवडणुकीचा आदेश काढेल. 'काढेल' म्हणजे काढलाच पाहिजे. मग येते परंतुक: मतदार निवडणुकीने जागा भरेपर्यंत तात्पुरती नेमणूक करण्याचा अधिकार राज्याचे विधिमंडळ गव्हर्नरला देऊ शकते. 'देऊ शकते' म्हणजे न देण्याचीही मुभा आहे.

म्हणजे निवडणूक घेणे हे गव्हर्नरचे कर्तव्य, आणि नेमणूक ही विधिमंडळाने उसनी दिलेली सवलत. पुढचे सगळे या एका फरकातून निघते. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, तिला अटी घालू शकतो, मुदत बांधू शकतो. हे सिनेटने अगदी लवकर दाखवून दिले. अलाबामात १९१३ मध्ये जागा रिकामी झाली, गव्हर्नरने फ्रँक ग्लास यांना नेमले. पण नव्या दुरुस्तीनुसार अधिकार देणारा कायदा विधिमंडळाने केलेलाच नव्हता. सिनेटने १९१४ मध्ये ३२ विरुद्ध ३१ मतांनी त्यांना बसू दिले नाही.

प्रतिनिधी सभेशी, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाशी, गल्लत करू नका. तिथली जागा रिकामी झाली तर कोणत्याही राज्यात नेमणूक नसते, फक्त पोटनिवडणूक.

जागा खरोखर रिकामी झाली आहे का

मृत्यू असेल तर प्रश्न नाही. राजीनामा असेल तर जाहीर केल्याची तारीख आणि अंमलात येण्याची तारीख या दोन वेगळ्या असतात. पत्रातली दुसरी तारीख शोधा. मुदतीचे गणित सहसा तिच्यावर चालते. 'सहसा' म्हणायचे कारण ओक्लाहोमा. तिथल्या जिम इनहोफ यांनी २०२२ च्या सुरुवातीलाच, मागे न घेता येणारा राजीनामा लिहून दिला, तो लागू होणार होता जानेवारी २०२३ मध्ये. त्या जागेची पोटनिवडणूक मात्र नोव्हेंबर २०२२ मध्येच उरकली आणि नेमणुकीची वेळच आली नाही.

आजारपणाने जागा रिकामी होत नाही. साउथ डकोटाचे कार्ल मंट यांना १९६९ मध्ये पक्षाघात झाला. ते सभागृहात परतले नाहीत, तरी जानेवारी १९७३ मध्ये कार्यकाळ संपेपर्यंत सिनेटर राहिले. असमर्थ सिनेटरला दूर करून दुसरा बसवण्याची सोय घटनेत नाही. सिनेटर आठवडेच्या आठवडे इस्पितळात आहे आणि कोणी 'गव्हर्नरच्या हालचालींवर लक्ष' असे लिहीत असेल, तर ते घाईचे आहे. हकालपट्टीने जागा रिकामी होऊ शकते, पण त्याला सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात.

सिनेटर मंत्री किंवा उपाध्यक्ष होत असेल तर दोन्ही पदे एकत्र ठेवता येत नाहीत, त्यामुळे राजीनामा ठरलेलाच. फक्त दिवस पाहायचा. कमला हॅरिस यांनी १८ जानेवारी २०२१ रोजी जागा सोडली, जे. डी. व्हॅन्स यांनी १० जानेवारी २०२५ रोजी. दोघेही उपाध्यक्षपदाची शपथ घेण्याआधी बाहेर पडले.

राज्याचा कायदा काय म्हणतो

आता त्या राज्याची निवडणूक संहिता उघडा आणि रिक्त जागांचे प्रकरण काढा. राज्य सचिवाच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती मिळते. (हा राज्य सचिव म्हणजे त्या राज्याचा निवडणूक आणि दप्तर सांभाळणारा अधिकारी, वॉशिंग्टनमधल्या परराष्ट्रमंत्र्याचेही इंग्रजी पदनाम हेच असल्याने भाषांतरात हमखास घोटाळा होतो.) संहिता वाचताना शेवटची सुधारणा कधी झाली ते आधी पाहा. जुन्या लेखातली राज्यांची यादी उतरवून घेणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे, कारण हा कायदा विधिमंडळे फार वेळा बदलतात आणि बहुधा राजकीय गरज पाहूनच बदलतात.

मॅसॅच्युसेट्स हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. २००४ मध्ये तिथले सिनेटर जॉन केरी अध्यक्षपदासाठी उभे होते आणि गव्हर्नर होते रिपब्लिकन मिट रॉम्नी. केरी जिंकले असते तर रॉम्नींनी आपल्या पक्षाचा माणूस बसवला असता. डेमोक्रॅटिक विधिमंडळाने रॉम्नींचा नकाराधिकार डावलून नेमणुकीचा अधिकारच काढून घेतला. जागा १४५ ते १६० दिवसांत पोटनिवडणुकीनेच भरायची असे ठरवले. पाच वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये तिथले दुसरे सिनेटर टेड केनेडी वारले. आता गव्हर्नर डेमोक्रॅट होते, डेव्हाल पॅट्रिक. त्याच विधिमंडळाने सप्टेंबरमध्ये तात्पुरत्या नेमणुकीचा अधिकार परत दिला. एरवी तो कायदा लागू व्हायला ९० दिवस लागले असते. पॅट्रिक यांनी तातडीचे पत्र काढून तो लगेच लागू केला आणि २४ सप्टेंबरला पॉल कर्क यांना नेमले. पोटनिवडणूक मात्र ठरल्याप्रमाणे १९ जानेवारी २०१० रोजी झाली, आणि ती रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली. पक्षाची सोय पाहून नियम वाकवला तरी शेवटी मतदार काय करतील हे विधिमंडळाच्या हातात नसते.

नेमणुकीला अजिबात वाव नसलेली राज्ये थोडी आहेत: ऑरेगन, विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा, ऱ्होड आयलंड, आणि २०२४ पासून केंटकी. केंटकीतही गव्हर्नर डेमोक्रॅट आणि विधिमंडळ रिपब्लिकन. आधी २०२१ मध्ये 'त्याच पक्षाचा माणूस' अशी अट घातली, मग २०२४ मध्ये नेमणूकच रद्द केली, दोन्ही वेळा गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून. अशा राज्यांत पोटनिवडणूक होईपर्यंत जागा रिकामीच राहते. ऑरेगनचे बॉब पॅकवुड १९९५ मध्ये राजीनामा देऊन गेले, तेव्हा ती जागा जानेवारी १९९६ मध्ये टपालाने मतदान घेऊन भरली गेली. रॉन वायडन निवडून आले.

दुसरा गट पक्षाच्या अटीचा. ॲरिझोनात गव्हर्नरने जाणाऱ्या सिनेटरच्याच पक्षाचा माणूस नेमायचा. वायोमिंग, हवाई, नॉर्थ कॅरोलिना इथे अट आणखी कडक: पक्ष तीन नावे देतो, त्यांतूनच एक उचलायचे. वायोमिंगचे क्रेग थॉमस ४ जून २००७ रोजी वारले. गव्हर्नर डेव्ह फ्रॉयडेन्थाल डेमोक्रॅट, पण रिपब्लिकन राज्य समितीला १५ दिवसांत तीन नावे द्यायची होती आणि त्यानंतर गव्हर्नरला पाच दिवसांत निवड करायची होती. त्यांनी जॉन बरासो यांना नेमले, २५ जूनला शपथ झाली. एकवीस दिवसांत सगळे आटोपले.

तीन नावांच्या राज्यात मृत सिनेटरच्या शेवटच्या इच्छेला कायदेशीर वजन नसते. हवाईचे डॅनिएल इनोये यांनी मृत्यूपूर्वी पत्र लिहून कॉलीन हानाबुसा यांना नेमा असे गव्हर्नर नील अबरक्रॉम्बी यांना कळवले होते. पक्षाच्या यादीत हानाबुसा होत्याही. अबरक्रॉम्बींनी त्याच यादीतल्या ब्रायन शॅट्झ यांना नेमले, आणि नेमणूक पूर्णपणे वैध होती.

पक्षाची अट असेल तिथे कलमातले नेमके शब्द वाचा: सिनेटर निवडून आला तेव्हाचा पक्ष, की जागा सोडतानाचा? मध्येच पक्ष सोडून अपक्ष झालेल्या सिनेटरच्या बाबतीत उत्तर या एका शब्दयोजनेवर अवलंबून असते. शिवाय विधिमंडळाने गव्हर्नरची निवड अशी बांधून टाकणे १७व्या दुरुस्तीत बसते का, यावर सर्वोच्च न्यायालयाने थेट निकाल दिलेला नाही. तेव्हा 'अट घटनाबाह्य आहे' किंवा 'अट निर्विवाद आहे' यांतले काहीच ठामपणे लिहू नका.

उरलेल्या बहुसंख्य राज्यांत गव्हर्नरला मोकळीक असते.

किती दिवसांसाठी

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थांबून कागदावर तारखा मांडा. तीन हव्यात: जागा रिकामी झाल्याची तारीख, पोटनिवडणुकीची तारीख, आणि मूळ सहा वर्षांचा कार्यकाळ संपण्याची तारीख. नेमलेला सिनेटर पहिल्यापासून दुसरीपर्यंत (म्हणजे विजेता शपथ घेईपर्यंत) बसतो. पोटनिवडणूक जिंकणारा तिथून तिसरीपर्यंत. दोघांपैकी कोणालाही नवी सहा वर्षे मिळत नाहीत.

जॉर्जियाची जागा मांडून पाहू. जॉनी आयझॅकसन ३१ डिसेंबर २०१९ रोजी निवृत्त झाले. त्यांचा कार्यकाळ जानेवारी २०२३ पर्यंत होता. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी केली लोफ्लर यांना नेमले, जानेवारी २०२० मध्ये त्यांची शपथ झाली. पोटनिवडणूक ३ नोव्हेंबर २०२०, कोणालाच निम्मी मते नाहीत, म्हणून दुसरी फेरी ५ जानेवारी २०२१. राफाएल वॉरनॉक जिंकले. त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आली आणि २०२२ मध्ये पुन्हा उभे राहावे लागले. 'निवडून आला म्हणजे सहा वर्षे' असे गृहीत धरणारा इथेच फसतो.

पोटनिवडणुकीची तारीख कायद्यात बहुधा 'पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर' अशी असते. आता 'पुढची' म्हणजे कोणती? उमेदवारी अर्ज किंवा प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) निवडणूक यांच्या आधी ठरावीक दिवस जागा रिकामी झाली असेल तरच जवळची. नाहीतर दोन वर्षांनंतरची. जॉन मॅककेन २५ ऑगस्ट २०१८ रोजी वारले, ॲरिझोनाची प्राथमिक निवडणूक तीन दिवसांवर आली होती. त्यामुळे पोटनिवडणूक गेली थेट नोव्हेंबर २०२० वर. मधल्या काळात गव्हर्नर डग ड्यूसी यांनी एकाच जागेसाठी दोनदा नेमणूक केली: आधी जॉन काइल, त्यांनी वर्षअखेरीस राजीनामा दिल्यावर मार्था मॅकसॅली. २७ महिने नेमलेला सिनेटर 'तात्पुरता' कसा, म्हणून मतदार न्यायालयात गेले आणि हरले. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर न्यूयॉर्कची जागा १९७० पर्यंत अशीच नेमणुकीने चालली होती, आणि ती न्यायालयांनी मान्य केली होती. तेव्हा दीर्घ नेमणूक अन्याय्य वाटली तरी बेकायदा म्हणू नका. आमच्या मते मात्र दोन वर्षांहून जास्त काळ न निवडलेला सिनेटर हे १७व्या दुरुस्तीच्या हेतूशी जुळत नाही, आणि दुरुस्त करायचे तर राज्याचा कायदा बदलावा लागेल.

कायदा मोघम असेल तर तारीख गव्हर्नर ठरवतो, आणि गव्हर्नर बदलला तर तारीखही बदलू शकते. अलाबामाचे जेफ सेशन्स फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्रातले न्यायखात्याचे मंत्री झाले. गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी लूथर स्ट्रेंज यांना नेमून पोटनिवडणूक २०१८ वर ठेवली. एप्रिलमध्ये बेंटलींनी राजीनामा दिला, के आयव्ही गव्हर्नर झाल्या आणि त्यांनी ती १२ डिसेंबर २०१७ वर आणली. स्ट्रेंज पक्षांतर्गत लढतीतच हरले. जागा डेमोक्रॅट डग जोन्स यांना मिळाली. म्हणून पहिल्या घोषणेवर विसंबू नका, निवडणुकीचा प्रत्यक्ष आदेश पाहा.

आदेशच काढला नाही तर? इलिनॉयमध्ये बराक ओबामांच्या जागेवर नेमणूक झाली, पण पोटनिवडणुकीचा आदेश निघेना. नेमलेला सिनेटर कार्यकाळ संपेपर्यंत बसणार असेच सगळे धरून चालले होते. २०१० मध्ये सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की आदेश काढणे बंधनकारक आहे. ती दोन क्रियापदे इथे कामी आली. मग २ नोव्हेंबर २०१० च्या मतपत्रिकेवर एकाच जागेच्या दोन लढती छापल्या गेल्या: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, एक पुढच्या सहा वर्षांसाठी. मार्क कर्क दोन्ही जिंकले. कॅलिफोर्नियात २०२४ मध्येही एका जागेच्या अशाच दोन लढती झाल्या. अशा राज्यात मतदान करणार असाल तर दोन्ही ठिकाणी खूण करा. नाव तेच दिसते म्हणून एक जागा कोरी सोडली तर त्या लढतीतले मत गेलेच.

कोणाला नेमता येते

वय किमान ३०, नागरिकत्व किमान ९ वर्षे, आणि राज्याचा रहिवास. राज्याचा कायदा याहून जास्त पात्रता मागू शकत नाही. रहिवास आधीपासूनचा असायला हवा असे नाही: लाफोन्झा बटलर ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमल्या गेल्या तेव्हा मेरिलँडमध्ये राहत होत्या, त्यांनी शपथेपूर्वी कॅलिफोर्नियात मतदार नोंदणी केली.

गव्हर्नर स्वतःला नेमत नाही, पण वळसा घालून जातो: आधी राजीनामा, मग नवा गव्हर्नर त्याला नेमतो. मिनेसोटाचे वेंडेल अँडरसन १९७६ मध्ये असेच सिनेटमध्ये गेले आणि १९७८ मध्ये मतदारांनी त्यांना घरी पाठवले. या वाटेने जाऊन पुढे निवडून आलेले एकच, केंटकीचे 'हॅपी' चँडलर.

शेवटचा कागद

नेमणूक पत्रकार परिषदेत होत नाही, प्रमाणपत्राने होते. सिनेटच्या दुसऱ्या स्थायी नियमात त्याचा नमुना दिला आहे आणि तो एका परिच्छेदाचा आहे. त्यात क्रमाने येते: अमेरिकेची घटना आणि अमुक राज्याचे कायदे यांनी दिलेल्या अधिकाराने, मी, गव्हर्नर अमुक, तमुक यांना सिनेटर नेमतो, कशामुळे रिकामी झालेली कोणाची जागा, आणि ती 'कायद्याप्रमाणे निवडणुकीने भरली जाईपर्यंत'. खाली गव्हर्नरची सही, राज्य सचिवाची प्रतिस्वाक्षरी, राज्याची मोहोर, तारीख. प्रत हाती आली की 'राज्याचे कायदे' आणि 'भरली जाईपर्यंत' हे दोन तुकडे पाहा. उसना अधिकार आणि त्याची मुदत, दोन्ही त्यांत आहेत.

कागदात खोट असेल तर काय होते ते ओबामांच्याच जागेवर दिसले. गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना ही जागा विकायला काढल्याच्या आरोपावरून ९ डिसेंबर २००८ रोजी अटक झाली होती, तरी ते पदावर होते आणि महिनाअखेरीस त्यांनी रोलँड बरिस यांना नेमले. राज्य सचिव जेसी व्हाइट यांनी सही नाकारली. ६ जानेवारीला बरिस सिनेटच्या दारातून परत गेले. ९ जानेवारीला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या कायद्याने नेमणूक वैध व्हायला व्हाइट यांच्या सहीची गरज नाही, आणि नेमणुकीच्या नोंदीची मोहोर लावलेली प्रत मिळू शकते. १५ जानेवारीला बरिस यांची शपथ झाली. आपल्या सदस्यांच्या निवडीचा आणि पात्रतेचा निवाडा घटनेने सिनेटकडेच दिला आहे, त्यामुळे राज्यात सगळे सुरळीत झाले तरी अखेरचा उंबरठा वॉशिंग्टनमध्ये असतो.

नियमात तीन नमुने आहेत: सहा वर्षांसाठी निवडून आलेला, उरलेल्या मुदतीसाठी निवडून आलेला, आणि नेमलेला. ९ डिसेंबर २०२४ रोजी सिनेटमध्ये दोन नवे सदस्य शपथ घेते झाले. कॅलिफोर्नियाचे ॲडम शिफ पोटनिवडणूक जिंकून आले होते. न्यू जर्सीचे अँडी किम यांनीही नोव्हेंबरमध्ये विजय मिळवला होता, पण तो जानेवारीपासूनच्या सहा वर्षांसाठी; बॉब मेनेंडेझ यांच्या जागेवर नेमलेल्या जॉर्ज हेल्मी यांनी आदल्या दिवशी जागा सोडली आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी मधल्या काही आठवड्यांसाठी किम यांना नेमले. एकाच दिवशीच्या त्या शपथविधीत शिफ यांचा कागद दुसऱ्या नमुन्याचा होता आणि किम यांचा तिसऱ्या.